पडद्यामागची मंडळी आणि तिसरी घंटा

मंडळी, नाटकात ज्याने एकदा तरी बॅकस्टेज सांभाळले आहे त्याला हे सांगायला नको. तिसरी घंटा होते, पडदा वर जातो, आणि दिव्यांचा माणूस अजून हायस्कूलच्या पार्किंग लॉटमध्येच असतो. अंधारात चाचपडणाऱ्या नटाला प्रेक्षक हसतात. दिवेवाल्याचे नावही त्यांना ठाऊक नसते. कॉम्प्युटरमध्येही अशी पडद्यामागची मंडळी असतात. मशीन सुरू होताना ती आपापल्या जागी येऊन बसतात, आपण त्यांना विसरून जातो, आणि एखाद्या दिवशी त्यांतले कोणी आले नाही की दोष भलत्यालाच देतो. गेली तीसेक वर्षे मी या न आलेल्या मंडळींचा शोध घेत आलो आहे; आधी नोकरी म्हणून आणि आता ‘काका, जरा बघता का?’ म्हणून. त्या शोधात जो थोडाफार इतिहास हाती लागला, तो आज तुमच्यापुढे मांडतो.

१९९४ ची दिवाळी

त्या वर्षी आमच्या मंडळाचा दिवाळी अंक न्यू जर्सीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये तयार होत होता. ३८६ जातीचे एक मशीन, त्यावर डॉस ५, आणि पुण्याहून भावाने फ्लॉपीवर धाडलेला देवनागरीचा प्रोग्रॅम, एवढाच आमचा छापखाना. त्या मशीनला मराठी येत नव्हती. हा छोटा प्रोग्रॅम मशीन सुरू होताना मेमरीत येऊन बसे आणि कीबोर्ड व लेखनाचा प्रोग्रॅम यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करी. आपण रोमन कळ दाबायची, त्याने ती मधल्यामध्ये पकडून पडद्यावर ‘क’ किंवा ‘म’ उमटवायचा. तो कधी दिसत नसे. पडद्यावर मराठी दिसते आहे, हीच त्याची हजेरी.

अंक सोमवारी सकाळी छपाईला जायचा होता. शनिवारी रात्री एकच लेख उरला होता. आमचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणत असू, १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर इथे आलेल्या पहिल्या पिढीतले. त्यांच्या पत्नी त्या वसंतात गेल्या होत्या. काकांनी त्यांच्यावर सतरा फुलस्केप पाने लिहिली होती. अकरा पाने आम्ही आदल्या आठवड्यात टाइप केली होती, उरलेली त्या रात्री करायची होती. काका स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले होते, कारण त्यांचे अक्षर त्यांच्याशिवाय कोणाला लागत नसे.

मशीन सुरू केले, फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी! नवे टाइप करावे तर तेही रोमन. मी मशीन तीनदा बंद-चालू केले. देवनागरीचा प्रोग्रॅम फ्लॉपीवरून पुन्हा चढवला. व्हायरसची शंका आली. शेवटी हार्ड डिस्क फॉरमॅट करून सगळे नव्याने बसवावे, अशा निर्णयाला येऊन मी काकांना तसे म्हणालो.

“त्या डिस्कवर माझी अकरा पानं आहेत ना?” काका म्हणाले.

“हो, पण काका, तो प्रोग्रॅम येतच नाहीये.”

“येत नाही म्हणजे काय? त्याला बोलावतं कोण?”

काका पेशाने सिव्हिल इंजिनियर. कॉम्प्युटर त्यांनी फारसा हाताळला नव्हता. पण भिंतीला भेग दिसली म्हणून घर पाडायचे नसते, आधी पाया पाहायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेले. “बोलावणं पोचलं का ते बघ आधी,” असे म्हणून त्यांनी चहा ओतून घेतला. त्या एका वाक्याने त्या रात्री अकरा पाने वाचली, आणि पुढे माझी बरीच नोकरी त्यावर झाली.

हाक कोण मारतो?

बोलावणे कोण करतो, हा प्रश्न कॉम्प्युटरइतकाच जुना आहे. वीज आली तेव्हा मशीनची मेमरी कोरी असते. मेमरीत प्रोग्रॅम आणायला दुसरा प्रोग्रॅम लागतो. मग पहिला कोण आणणार? इंग्रजीत या पेचाला ‘बूटस्ट्रॅप’ म्हणतात: आपल्याच बुटांचे पट्टे धरून स्वतःला वर उचलणे. मशीन ‘बूट करणे’ हा शब्द तिथूनच आला.

१९७५ साली न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की गावी ‘अल्टेअर ८८००’ नावाचे छोटे मशीन निघाले. त्याला ना कीबोर्ड, ना पडदा. समोरच्या पट्टीवरचे खटके वर-खाली करून पहिला प्रोग्रॅम बोटांनी भरावा लागे. त्या मशीनसाठी बेसिक भाषा घेऊन पॉल ॲलन तिकडे निघाले, आणि विमान उतरायच्या बेतात असताना त्यांच्या ध्यानात आले की बेसिक आत आणणारा हा पहिला छोटा प्रोग्रॅम लिहायचाच राहिला आहे. तो त्यांनी विमानातच कागदावर लिहून काढला. नाटकाची सगळी तयारी झाली आणि घंटा वाजवणाराच ठरवला नाही, अशातला प्रकार.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आलेल्या आयबीएम पीसीत ही हाकांची साखळी पक्की बसवलेली होती. कायमच्या मेमरीतला ‘बायोस’ उठतो, डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचतो, तो तुकडा डॉसला आणतो, आणि डॉस ‘ऑटोएक्झेक.बॅट’ नावाची फाइल उघडून त्यातल्या ओळी वरून खाली एकेक पाळत जातो. १९८३ च्या डॉस २ पासून तिच्याआधी ‘कॉन्फिग.सिस’ वाचली जाऊ लागली. म्हणजे कोणाला बोलवायचे याची यादी साध्या मजकुरात, डोळ्यांसमोर होती. कोणीही उघडावी, वाचावी, ओळ घालावी.

डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवू शके. पण त्यात एक पळवाट होती: प्रोग्रॅमने ‘माझे काम संपले’ म्हणायचे, पण मेमरीतली जागा मात्र सोडायची नाही. मग कळ दाबली की आधी त्याला कळे. १९८४ साली बोर्लंड कंपनीचे ‘साइडकिक’ याच युक्तीने लोकप्रिय झाले. दोन कळा एकदम दाबल्या की कोणत्याही कामाच्या मध्येच पडद्यावर वही आणि कॅल्क्युलेटर हजर. आमचा देवनागरीचा दुभाषी याच जातीचा होता.

मोठ्या मशीनवर ही कल्पना आणखी जुनी. १९६३ च्या सुमारास एमआयटीत फर्नांडो कॉरबाटो यांच्या मंडळींनी मागे बसून निमूट काम करणाऱ्या प्रोग्रॅमांना ‘डीमन’ म्हणायला सुरुवात केली. नाव घेतले भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या काल्पनिक भुतावरून, जे अणुरेणू निवडत दाराशी अखंड बसलेले असते. युनिक्समध्ये या सगळ्या भुतांचा मूळपुरुष ‘इनिट’, प्रोसेस क्रमांक १. तो उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. ऑफिसात दिवसभर युनिक्सवर मी हेच करत होतो. घरच्या मशीनला तोच प्रश्न विचारावा, हे मात्र काकांनी सांगेपर्यंत सुचले नाही!

एकशे सत्तावीस अक्षरे

ऑटोएक्झेक.बॅट उघडली. दुभाष्याला बोलावणारी ओळ जागच्या जागी होती. म्हणजे बोलावणे लिहिलेले होते. मग ते पोचले का नाही? त्या ओळीपुढची ओळ पडदा पुसून लेखनाचा प्रोग्रॅम सुरू करत होती. मध्ये काही तक्रार उमटली असली तरी ती वाचायला सवडच नव्हती. म्हणून दोन ओळींच्या मध्ये ‘पॉज’ हा एकच शब्द लिहिला आणि मशीन पुन्हा सुरू केले. या वेळी पडदा थांबला, आणि त्यावर स्वच्छ लिहिलेले होते: ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’. अशा नावाचा कोणी इथे सापडत नाही.

कारण दहा मिनिटांत उमगले. गुरुवारी मी मुलीसाठी सीडीवरचा एनसायक्लोपीडिया बसवला होता. त्याच्या इन्स्टॉलेशनने स्वतःच्या डिरेक्टऱ्यांची नावे ‘पाथ’च्या ओळीत अगदी पुढे घातली. प्रोग्रॅम कुठे कुठे शोधायचे, ते पत्ते या ओळीत असतात. डॉसमध्ये एका ओळीची मर्यादा १२७ अक्षरांची. ओळ लांबली आणि शेपूट तुटले. शेवटचा पत्ता आमच्या दुभाष्याचा होता. तो अर्धाच उरला. दुभाषी धडधाकट होता, डिस्कवर जागेवर होता, यादीत त्याचे नाव होते. पत्ता तेवढा तुटला होता. हाक मारणाऱ्या ओळीत पूर्ण पत्ता लिहिला, आणि पुढच्या वेळी पडद्यावर काकूंचे नाव मराठीत उमटले.

“म्हणजे पाहुणा कपडे करून तयार बसला होता, आमंत्रणावरचा पत्ताच अर्धा,” काका म्हणाले. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. आम्ही पहाटे चारला सतरावे पान संपवले.

असे शोध सोपे व्हावेत म्हणून डॉसमध्येही सोयी आल्याच. १९९३ च्या डॉस ६ मध्ये सुरुवातीला एफ-५ दाबले की सगळ्या याद्या वगळून मशीन उठे, आणि एफ-८ दाबले की ‘हे चालवू का?’ असे विचारत पुढे जाई. मॅकिंटॉशवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांची ‘एक्स्टेन्शन्स’ सुरू होताना पडद्याच्या तळाशी चित्रांची रांग लावत, आणि शिफ्टची कळ धरून ठेवली की एकही येत नसे. पद्धत मात्र सगळीकडे एकच: सगळ्यांना बाहेर ठेवा, मग एकेकाला आत घ्या, आणि कोण आल्यावर बिघडते ते पाहा.

यादी तळघरात गेली

पुढच्या तीस वर्षांचा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर, हाकांची यादी डोळ्यांआड होत गेली. विंडोज ३.० मध्ये (१९९०) ती ‘विन.इनी’ या फाइलमधल्या ‘लोड’ आणि ‘रन’ अशा दोन ओळींत होती. १९९२ च्या ३.१ मध्ये ‘स्टार्टअप’ नावाचा गट आला. त्यात चित्र ओढून टाकले की झाले. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आले आणि खरी यादी ‘रजिस्ट्री’ नावाच्या कोठारात गेली. तिथे ‘रन’ नावाचा एक कप्पा सगळ्या मशीनसाठी, दुसरा त्या त्या वापरणाऱ्यासाठी. शिवाय स्टार्टअप फोल्डर होताच, आणि जुन्या फाइलीही सवाष्णीसारख्या मान राखून होत्या. डॉसच्या ओळी वरून खाली क्रमाने चालत. रजिस्ट्रीतल्या या नोंदी कोणत्या क्रमाने चालतील याची हमी नाही. एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या भरवशावर असेल, तर सोमवारी येईल आणि मंगळवारी येणार नाही.

एकाच यादीच्या पाच-सात याद्या झाल्यावर सगळ्या एकत्र दाखवणारे प्रोग्रॅम निघणे ओघानेच आले. विंडोज ९८ बरोबर ‘एमएसकॉन्फिग’ आले. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी ‘ऑटोरन्स’ लिहिले. त्यांची कंपनी २००६ साली मायक्रोसॉफ्टने घेतली, आणि तो प्रोग्रॅम आजही फुकट मिळतो. तो पहिल्यांदा चालवून पाहा. आपल्या घरात इतकी मंडळी राहतात हे पाहून छाती दडपते.

मग परवानगीचा प्रश्न आला. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून ज्या प्रोग्रॅमला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, त्याला सुरुवातीलाच परस्पर आत येऊ देत नाहीत. तो दाराशी अडतो, आणि घरच्यांना वाटते तो आलाच नाही. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये यादी टास्क मॅनेजरमध्ये आली, तिथे कोणालाही एका क्लिकने ‘डिसेबल’ करता येते. याच विंडोजपासून ‘शट डाउन’ केले तरी मशीनचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे खरोखरचा नवा श्रीगणेशा हवा असेल तर ‘रिस्टार्ट’च करावे लागते. ‘काका, रोज रात्री बंद करते हो’ म्हणणाऱ्यांना हे पटवायला मला फार वेळ लागतो!

मराठी आत आली

या सगळ्यात आपल्या दुभाष्याचे काय झाले? मंडळी, ही त्यातली आनंदाची गोष्ट. भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र आयआयटी कानपूरला आकाराला आले आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघाल्यावर तिथे वाढले. भारतीय लिप्यांची ‘इस्की’ ही संकेतपद्धती १९९१ साली भारतीय मानक ठरली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली; तिच्यातली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० निघाले, आणि देवनागरी त्या व्यवस्थेचाच भाग झाली. मराठी लिहिण्यासाठी बाहेरून दुभाषी बोलावून दाराशी बसवण्याची गरज संपली. आज फोनवर नातवंडांना ‘शुभ दीपावली’ लिहिताना कोणाला बोलवावे लागत नाही, याचे मला अजून अप्रूप वाटते.

पण दुभाषी गेला तेव्हा एक मोडीसारखा प्रश्न मागे ठेवून गेला. आमच्या जुन्या अंकांच्या फाइली त्याच्याच सांकेतिक भाषेत होत्या. तो नसेल तर त्या फाइली म्हणजे तीच १९९४ ची खिचडी. मंडळाची सध्याची संपादिका, पुण्याहून काही वर्षांपूर्वी आलेली तरुण मुलगी, हे अंक युनिकोडमध्ये आणायच्या कामाला लागली आहे. जुन्या संकेताला नवे अक्षर, अशी कोष्टके करून, चुका हाताने सुधारून. काकांची सतरा पाने तिने गेल्या हिवाळ्यात पूर्ण केली. काका आता नाहीत.

तिच्या लॅपटॉपवर मी एक व्यवस्था करून दिली होती. रोज लॉगिन केले की एका छोट्या प्रोग्रॅमने हे सगळे काम दुसऱ्या डिस्कवर उतरवायचे. एकदा चहाला आली तेव्हा सहज विचारले, “बॅकअप चाललाय ना ग?” ती म्हणाली, “चालत असेलच की काका, काही तक्रार तर आली नाही.”

तक्रार येत नाही, हेच तर या मंडळींचे दुखणे. टास्क शेड्यूलर उघडला. ‘शेवटचे कधी चालले’ या रकान्यात तीन आठवड्यांपूर्वीची तारीख. तीन आठवड्यांपूर्वी काय झाले? तिने टेबल सोडून स्वयंपाकघरात, बॅटरीवर काम करायला सुरुवात केली होती. टास्क शेड्यूलरमध्ये नवे काम नोंदवले की ‘विजेची वायर जोडलेली असेल तरच चालव’ ही खूण आपोआप केलेली असते. ती मी काढली नव्हती. चूक माझीच. लॅपटॉपला त्या आठवड्यात काही झाले असते, तर काकूंवरची सतरा पाने आणि तिची तीन आठवड्यांची मेहनत गेली असती, आणि बोल लागला असता लॅपटॉपला.

म्हणून तुमच्याही घरी एखादा प्रोग्रॅम आपोआप येईनासा झाला, तर तो काढून पुन्हा बसवण्याआधी चार प्रश्न विचारा. त्याचे नाव यादीत आहे का, की कोणी ‘डिसेबल’ केले आहे? पत्ता बरोबर आहे का, की फोल्डर हलले, अँटीव्हायरसने फाइल उचलून बाजूला ठेवली? आत यायची परवानगी आहे का? आणि ज्याच्या भरवशावर तो आहे ते, म्हणजे नेटवर्क, दुसरी डिस्क, विजेची वायर, त्या क्षणी हजर आहे का? या चारांत बहुधा उत्तर सापडते. नाही सापडले तर बाहेरच्या सगळ्यांना बंद ठेवून मशीन उठवा आणि एकेकाला आत घ्या. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

आणि महिन्यातून एकदा, काही बिघडलेले नसतानाही, शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे तेवढे पाहून ठेवा. ती मुलगी आता दर संकष्टीला पाहते; लक्षात राहायला सोपे जाते म्हणाली.